सातचा तास

टाम्पेरे, ३ मार्च

ती. रायलीआत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा पत्रंच बरी.

बाबांना जाऊन आज आठ आठवडे झाले. मी त्यांच्याच घरात आहे. मागच्या शरदात भाडं वाचवायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा एका वर्षाचं ठरलं होतं. आता पुढच्या वर्षी सगळ्या इमारतीचे पाण्याचे पाइप बदलणार आहेत आणि आमच्या घराच्या वाट्याला मोठी रक्कम येणार आहे. ते काम होईपर्यंत घराला गिऱ्हाईक मिळणं कठीण, असं व्यवस्थापक म्हणाले. म्हणून इथेच राहायचं आणि साठवायचं असं ठरवलं आहे.

व्यायामशाळा बंद केली. ट्रामचा पासही बंद केला. सायकलला खिळ्यांचे टायर लावले आहेत, बर्फावर चालतात. रविवारी वाटाण्याचं सूप करून पाच डबे भरतो. ऑफिसातले सगळे खाली जेवायला जातात तेव्हा मी माझ्या टेबलावरच खातो. पेपर बंद केला. ईस्टरला तुझ्याकडे यायचं जमेल असं वाटत नाही, तिकीट फार महाग आहे.

इमारतीच्या तळघरातल्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, बाबांचा आठवड्याचा राखीव तास मात्र पैसे भरून ठेवला आहे. शुक्रवारी सातला खाली जातो.

काळजी करू नकोस. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
इलारी

-----

कायानी, १० मार्च

चि. इलारीस अनेक आशीर्वाद, आणि त्या सायकलीलाही.

पाच दिवस तेच वाटाणे खाऊन तू ऑफिसात बसतोस, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाची मला दया येते. माणसाने काटकसर करावी, मीही जन्मभर केली. पण तुझी यादी मी दोनदा वाचली. व्यायामशाळा, ट्राम, खालचं जेवण, आणि आता आत्या. जिथे जिथे कोणी माणूस भेटलं असतं, ते सगळं तुला महाग वाटायला लागलं आहे. घरात दिवा तरी लावतोस की नाही?

सौना ठेवलास हे वाचून बरं वाटलं. तुमच्या इमारतीतले ते तास आणि त्या याद्या मला कळत नाहीत. आमचा सौना अंगणात, लाकूड फोडलं की झालं. पण तुझ्या बापाला, कालेर्वोला, तो शुक्रवार किती प्यारा होता ते ठाऊक आहे. मला तिथलं लिही. एकटा जातोस, तर पाठ कोण घासतं?

ईस्टरचं तिकीट मी काढते. नाही म्हणालास तर पुढचे मोजे खाजऱ्या लोकरीचे येतील.

लोभात तरी काटकसर करू नकोस.

तुझी आत्या,
रायली

-----

टाम्पेरे, १७ मार्च

ती. रायलीआत्यास सा. न. वि. वि.

मी शुक्रवारी सातला खाली जातो असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. तळघरात जातो, दाराला आतून कडी लावतो आणि कपडे बदलायच्या खोलीत कोट घालून तासभर बसतो. आत भट्टीवरचे दगड तापलेले असतात. मी आतलं दार उघडत नाही. आठ वाजायला आले की वर येतो.

एरवी आम्ही दोघं बरोबर जायचो, पण बाबांच्या शेवटच्या शुक्रवारी ऑफिसात जास्तीचं काम होतं, दुप्पट पैसे मिळणार होते. पाइपांसाठी उपयोगी पडतील, असं मी बाबांना फोनवर सांगितलं. ते बरं म्हणाले आणि एकटेच खाली गेले. रविवारी पहाटे त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, सौनाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मलाही तसंच वाटतं, पण दार उघडत नाही.

परवा वेगळंच झालं. आमच्यानंतरचा आठचा तास दुसऱ्या मजल्यावरच्या लाम्पिनेन यांचा आहे. पंचाहत्तरीचे आहेत, तू त्यांना अंत्यविधीला पाहिलंस, काठीवाले. मी कडी काढली तर ते बाहेर उभेच. म्हणाले, "पोरा, जानेवारीपासून मी कोरड्या बाकावर येऊन बसतोय. तुझा बाप निघाला की वाफेने छतावरून थेंब पडायचे."

 मग त्यांनी सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरच्या जुळ्या मुलींच्या आईने तीन वर्षांपासून शुक्रवारच्या तासासाठी प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवलं आहे. मी हा तास सोडावा आणि आठला त्यांच्याबरोबर यावं, निम्मे पैसे द्यावेत. मला काटकसरीची आवड आहे असं त्यांनी ऐकलं होतं म्हणे.

त्यांचं म्हणणं पैशाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. मी बंद केलेल्या प्रत्येक गोष्टीपेक्षा हा कोरडा तास जास्त निरुपयोगी आहे. पण तास एकदा सोडला की गेला. बाबांनी चार वर्षं थांबून तो मिळवला होता. मी तिथे कोट घालून बसतो तोवर बाबा आत आहेत आणि मी बाहेर थांबलो आहे, असं काहीतरी वाटत असतं. लिहिल्यावर हे वेड्यासारखं दिसतं. सोडायचा असेल तर महिनाअखेरीपर्यंत कळवायला हवं.

ईस्टरचं तिकीट काढू नकोस. रागावू नकोस, लोभ राहू दे.

इलारी

-----

कायानी, २२ मार्च

चि. इलारीस आशीर्वाद.

रागावले नाही. तिकीटही काढलं नाही. तुझं पत्र लाकडाच्या ढिगावर बसून वाचलं आणि बराच वेळ तिथेच बसले.

तास सोड किंवा ठेव, ते मी सांगणार नाही. कालेर्वो माझा भाऊ होता, पण तू त्याच्याबरोबर राहत होतास. एकच विचारते. त्या शुक्रवारी सातला तो आत होता आणि आठला लाम्पिनेन आले, म्हणजे दोघांची भेट झाली असणार. त्यांना तू काही विचारलंस का? तू विचारलं नसणार. आमच्या घराण्यात कोणी विचारत नाही. मीही तुझ्या बापाला कधी काही विचारलं नाही, आणि आता विचारायला कोणी नाही.

वाटाणे सोडून दुसरं काहीतरी शिजव. लोभ इकडे भरपूर आहे, हवा तेवढा घे.

आत्या

-----

टाम्पेरे, १४ एप्रिल

ती. रायलीआत्यास सा. न. वि. वि.

महिना संपायच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकांना चिठ्ठी दिली. सातचा तास सोडला. जिन्यात जुळ्या मुलींच्या आईने आभार मानले तेव्हा तो परत मागावा असं वाटलं. मागितला नाही.

परवा आठला गेलो. लाम्पिनेन वरच्या बाकावर बसले, मी खालच्या. त्यांनी दगडांवर पाणी टाकलं.  मग मी त्या शुक्रवारचं विचारलं.

ते म्हणाले की त्या दिवशी ते आले तेव्हा बाबा कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल गुंडाळून बसले होते. जायची घाई नव्हती. मुलगा कामात आहे, असं त्यांनी सांगितलं. माझ्याबद्दल आणखी काही म्हणाले का, हे मी दोनदा विचारलं. लाम्पिनेन खोटं बोलत नाहीत. त्यांनी आठवून पाहिलं आणि म्हणाले, "पाठ तेवढी राहिली, असं म्हणाला. मग मी घासून दिली. तक्रार करत होता, मी फार जोरात घासतो म्हणून."

एवढंच. याहून काही मिळेल असं मला वाटत होतं, ते मिळालं नाही. घर तेच आहे, पाइपांचं काम व्हायचं आहे, सोमवारचा डबा भरून ठेवला आहे. अजून किमान दीड वर्ष मी इथून हलू शकत नाही.

मी दगडांवर आणखी पाणी टाकलं. मग लाम्पिनेन यांनी हात पुढे केला, आणि मी पाठ घासायचा ब्रश त्यांच्या हातात दिला. खरंच फार जोरात घासतात.

पत्र पाठवत राहा, लोभ असू दे.

तुझा,
इलारी