इंदुताई चंद्र झाल्या त्याची हकीकत

दिलसुखनगर, हैदराबाद
डिसेंबर २००९

चि. सौ. भामास, तुझ्या गंगूअक्काचा आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे उभे-आडवे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? माझा तुझ्यापेक्षा जास्त दुखतो, त्यामुळे वर्णन लिहू नकोस. तुझ्या यजमानांचा खोकला आणि स्वभाव, दोन्हींना उतार पडो. फोनच केला असता, पण फोन हॉलमध्ये आणि सूनबाई रजनीचे कान घरभर, म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहिते. अडेल तिथं अंदाजानं वाच.

तर आपली हर्षदा. माझी नात कोचिंगमध्ये पोरांना फिजिक्स शिकवते (पोरं शिकतात की नाही देव जाणे, घसा मात्र हिचा बसतो). येत्या पंधरा जानेवारीला कंकणाकृती सूर्यग्रहण आहे, ते बघायला तिला रामेश्वरला जायचंय. हैदराबादेत सूर्य नुसता कुरतडल्यासारखा दिसणार, तिकडे अख्खी उजेडाची बांगडी. पुन्हा आपल्या देशात असं दहाएक वर्षांनी. तिचा बाप, आमचे श्रीनिवासराव, म्हणाले, लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा. जसं काही सूर्य-चंद्र ह्यांच्या जावयाची वाट बघत ताटकळणार आहेत! पोरगी दोन दिवस जेवली नाही. म्हणजे घरी जेवली नाही, कोपऱ्यावरच्या मिरची-भज्यांवर होती.

तेवढ्यात गौलीगुड्याच्या इंदुताईंचा अजय पसंत पडला. मुलगा चांगला आहे, कुकटपल्लीला कंपनीत कॉम्प्युटरवर असतो, बोलतो कमी, हसतो वेळेवर. साखरपुड्याची तारीख पुरुषांनी ठरवली, तीही नेमकी पंधरा जानेवारी. संक्रांतीची सुट्टी, वर शुक्रवार, इंदुताईंचा अमेरिकेतला पुतण्याही तेव्हा इकडे आलेला. भिंतीवरचं कॅलेंडर बँकेचं, त्यात सुट्ट्या तेवढ्या लाल, तिथी औषधालाही नाही. हॉल तर पहिल्याच फोनला मिळाला. ऐन सुट्टीत हॉल रिकामा आहे म्हटल्यावर माणसानं घाबरायला पाहिजे, तर श्रीनिवासनं पेढे वाटले. मला कुणी विचारलं नाही. मी पेढा खाल्ला.

मागच्या रविवारी ती मंडळी मानपानाचं बोलायला आली. रजनीनं दहीवडे केले होते (दही आंबट. तू विचारलं नाहीस तरी सांगते). हर्षदानं ते टीपॉयवर ठेवले आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की त्या दिवशी भर दुपारी ग्रहण आहे. इंदुताईंचा चमचा हवेतच राहिला. श्रीनिवास म्हणाला, पूर्ण थोडंच आहे, कडेनं बांगडी उरते म्हणे, तेवढं चालतं! बांगडी उरते ती कशी, असं अजयनं विचारलं आणि तिथं घात झाला.

हर्षदानं भिंतीवरचा गोल दिवा सूर्य ठरवला. अजयला खाली बसवून पृथ्वी केलं. इंदुताईंच्या हातात स्टीलची ताटली देऊन त्यांना चंद्र केलं. चंद्र पृथ्वीला खेटून उभा होता तोवर दिवा पार झाकला. आता मागं सरका, म्हणाली. चंद्र फिरता फिरता कधी जवळ येतो, कधी लांब जातो. लांब गेला की दिसायला लहान, मग त्याच्यानं सूर्य पुरता झाकवत नाही, भोवती कडा उरते. (दर अमावास्येला ग्रहण का नाही, तर एरवी चंद्र सूर्याच्या जरा वरून नाहीतर खालून निघून जातो, सरळ रेषेत सापडत नाही. मला लगेच कळलं, श्रीनिवासला अजून नाही.) इंदुताई सरकल्या, आणखी सरकल्या आणि थेट दहीवड्यांत बसल्या. बसल्या तरी ताटली सोडली नाही, उलट दचकून हात वर गेले. आणि पृथ्वी एक डोळा मिटून ओरडते, "दिसली! आई, बांगडी दिसली! हलू नक्को!"

भामा, असा जावई हातचा घालवायचा नसतो.

इंदुताईंनी माझी जरीकाठी साडी नेसून निकाल दिला. अमावास्या, वर ग्रहण, त्यात सुरुवात ही अशी, साखरपुडा माघात. म्हणजे हर्षदाला रामेश्वर मोकळं झालं. पण आता अजयलाही खरी बांगडी बघायची आहे, आणि साखरपुड्याआधी दोघं एकटी कशी जातील? सोबत कुणी मोठं माणूस हवं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी गुडघा धरला, कण्हले, नाही नाही म्हणाले. मग रजनीनं स्वतःची बहीण सुचवायला तोंड उघडलं, तसं मला घाईनं हो म्हणावं लागलं.

तुझी,
गंगूअक्का

ता. क. दर अमावास्येला दारावर टांगलेला दृष्टीचा कोहळा बदलणारी बाई मी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या आहे हे मला तारीख ठरली त्याच घटकेला माहीत होतं. पण तोंडात पेढा होता, बोलणार कशी? हे पत्र फाडून टाक.

आणखी एक, त्यासाठीच खरं तर लिहायला बसले. हर्षदानं मला ग्रहण बघायचा काळा चष्मा आणलाय. तो घातला की सूर्याशिवाय काही म्हणजे काही दिसत नाही. मग त्या दोघांवर लक्ष कोण ठेवणार? तुझंही तिकीट काढायला सांगितलंय. तू ग्रहण पाळणारी, जन्मात कधी मान वर करून बघितलं नाहीस, आताही बघू नकोस. तू त्या दोघांकडं बघ. मी वर बघते.