दुसरा झोका

ढोकी,
दि. ५ जानेवारी २०२५

चि. शिवांजलीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वंशतपासणीसाठी धाडलेला तुझ्या आजीच्या लाळेचा नमुना तुमच्या प्रयोगशाळेने का नाकारला, हे मी शोधून काढले. अर्धा तास आधी तोंडात काही घालू नये, ही सूचना मी मोठ्याने वाचली होती. आईने मिश्री लावली. मिश्री खाण्यात मोडत नाही, असे तिचे म्हणणे. या खेपेस डबी माझ्या खिशात होती. नवा नमुना सोबत पाठवीत आहे.

नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेत चुकलेली लहानगी तेरच्या निपुत्रिक जोडप्याने वाढविली, यापलीकडे आईच्या जन्माचे कोणास ठाऊक नाही. तिच्या लग्नानंतर ते दोघेही लवकरच वारले. दर नागपंचमीस गल्लीतल्या सुनांना माहेरी न्यायला मुराळी येतात. आई त्यांना आग्रहाने पुरणपोळी वाढते. तिच्यासाठी कोणी येत नाही, हे ती बोलत नाही, म्हणून मी लिहितो.

लोभ आहे, तो काटेकोरपणे जपावा.
महारुद्र

पुणे,
दि. २ मार्च २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल आला! आजीला वाचून दाखवा. तिच्या वंशात दक्षिणेतल्या फार जुन्या लोकांचा अंश आहे, इराणाकडून आलेल्यांचाही आहे. आईच्या बाजूने मागे मागे जात राहिलं तर आजीची, माझी, साऱ्या जगाची मूळ आई एकच निघते, आफ्रिकेतली.

आणखी एक. नागम्मा नावाच्या मुलीशी आजीचं रक्त जुळतंय. तिच्या संमतीनेच कळवते. ती बहुधा आजीच्या सख्ख्या भावाची नात. गाव मुरूम. मामा, आपल्याच जिल्ह्यातलं!

'बहुधा'वर तुम्ही लाल रेघ ओढणार, हे जाणून आहे. तरी माया पातळ करू नये.
तुमची,
शिवांजली

ढोकी,
दि. ९ मार्च २०२५

चि. शिवांजलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखविले. साऱ्या जगाची आई एक, हे आईने मान्य केले. व्हय, असंल, पण त्या आईनं माझ्याकडं मुराळी कधी धाडला, असे तिने विचारले.

मुरूमचा परिच्छेद मी वाचला नाही. एकदा चुकलेले माणूस 'बहुधा'च्या भरवशावर पुन्हा चुकू नये. नागम्माच्या आजोबांचा नमुना घ्यावा. त्यांना मिश्रीची सवय आहे काय, हे प्रथम विचारावे.

लोभ पूर्ववत.
महारुद्र

मुरूम,
दि. २० जुलै २०२५

चि. महारुद्र यास,
महालिंगप्पाचे आशीर्वाद.

तुमचं तोंड अजून बघितलं नाही, तरी मामा म्हणून लिहितो. माझं मराठी मोडकं आहे, समजून घ्या. तपासणीचा कागद आला. अक्का माझी सख्खी बहीण. बहुधा न्हाय, पक्की.

अक्का चुकली, त्यानंतर मी जन्मलो. आमची अव्वा, म्हणजे आई, दरसाल पंचमीला दारच्या लिंबाला दोन झोके बांधायची. एक माझा. दुसऱ्यावर कुणाला बसू द्यायची नाही. अव्वा गेली, आता मी बांधतो. शेजारी हसतात, हसू द्या. तो रिकामा झोका कुणाचा, म्हणून आमची नागम्मा विचारत राहिली, म्हणून तिनं नळीत थुंकलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी स्वतः मुराळी येतो. पुरणात गूळ लई घाला.
तुमचा मामा,
महालिंगप्पा

ढोकी,
दि. ३ ऑगस्ट २०२५

चि. शिवांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुरूमच्या मामांचे पत्र मी आईला वाचून दाखविले होते; पंचमीच्या आदल्या दिवशी ते गुलाबी फेटा बांधून एसटीतून उतरले. आई ओट्यावर मिश्री लावीत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तिचे नाक आणि त्यांचे नाक पाहून मला तुमच्या प्रयोगशाळेच्या शुल्काचे वाईट वाटले. आई उठली, चूळ भरली, आणि कोणी विचारले नसताना, माझा मुराळी आलाय, असे सबंध गल्लीला ऐकविले. गल्लीतल्या साऱ्या सुना तिला निरोप द्यायला बसथांब्यापर्यंत आल्या.

पंचमी झाली. आई परतलेली नाही. फोन करावा, तर ती झोक्यावर आहे, असे नागम्मा सांगते. शेवटी निरोप आला, की सासरचं कुणी मानानं न्यायला आल्याबिगर माहेरवाशीण उठत न्हाय. रीत तपासून पाहिली. आईची बाजू बिनचूक आहे.

सबब उद्या फेटा बांधून मी मुरूमला निघत आहे. तिने पहिल्या खेपेस नकार देऊन आणखी चार दिवस झोक्यावर बसावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

लोभ वाढत राहो.
तुझा मामा, आणि आता कोणाचा तरी भाचा,
महारुद्र