विधवेच्या हातचा कारावाय

बाई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आणि आज मी तुम्हाला लिहायला बसले आहे ते एका पावापायी. नातवाचं लग्न ठरलंय. मुलगी रशियाची, हडपसरला त्याच्याच कंपनीत आहे. तिच्या आईला इकडे येणं जमत नाही, म्हणून काल त्या आईने व्हिडिओवर मलाच विचारलं, की लग्नातला कारावाय आजी करतील का. आजींना रशियन येतं, म्हणजे हेही येत असणार. सगळं घर कौतुकाने माझ्याकडे बघायला लागलं.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तुमच्या सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात. रशियनच्या शिकवणीची खोलीही तीच. आम्ही चौघी ओट्याला टेकून वह्या घेऊन उभ्या, आणि तुम्ही चहा गाळता गाळता सांगताय की कारावाय हे नाव गाईवरून आलं म्हणतात. तिकडच्या जुन्या गाण्यांत नवरीला गाय म्हणतात, आणि हा मोठा गोल पाव म्हणजे भरल्या गोठ्याची, लेकुरवाळ्या घराची खूण. सगळ्या पंडितांना हे पटत नाही, पण मला पटतं, असंही म्हणालात. एकीने विचारलं, करतं कोण? तुम्ही गाळणी झटकलीत. "सवाष्णी. विधवेने पिठाला हात लावायचा नाही. इतक्या लांब जाऊनसुद्धा तेच, बघा." आम्ही खो खो हसलो. तुमचं मोकळं कपाळ हसून झाल्यावर दिसलं.

आणि माझ्या लग्नात तुम्हीच तो घेऊन आलात. अंडं न घालता, दह्यावर भिजवलेला, वर पिठाची वेणी आणि दोन चिमण्या. एक चिमणी थोडी करपली होती. सासूबाई ताटाकडे बघून म्हणाल्या, "अगबाई, सुरेखच आहे. कुणी केला?" तुम्ही फिक्या साडीत ताट धरून उभ्या. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं तर ताट बाजूला सारलं जाईल, भर मांडवात तुमचा अपमान होईल, असं मी नंतर स्वतःला समजावलं. त्या क्षणी मी फक्त माझ्यापुरती घाबरले होते. म्हणाले, कॅम्पातल्या बेकरीतून आणलाय बाईंनी.

वहीतल्या चुकीकडे बघायचात तितकाच वेळ तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "हो. आधी सांगून ठेवावं लागतं त्यांना." सासूबाईंनी सगळ्यांना तुकडे वाटले. कुणीतरी म्हणालं, बेकरीच्या मानाने चव अगदी घरगुती आहे हो. तुम्ही म्हणालात, "करणारीला सांगेन."

नंतर मी शिकवणीला आले नाही. सासरचे सोडत नाहीत असा निरोप धाडला, तोही खोटा. कुणी अडवलं नव्हतं, तोंड दाखवायची सोय मीच ठेवली नव्हती. पुढचं रशियन मी घरातच, शब्दकोश धरून, अडखळत शिकले.

आता हे जाऊन चार वर्षं झाली. तो नियम या घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. सांगितला तर सून म्हणेल, "आई, कुठल्या जमान्यात आहात? मळा बघू तुम्हीच." नाही सांगितला तरी मलाच मळायचंय. तुमच्या हातचा पाव खाऊन माझा संसार बेचाळीस वर्षं चांगला झाला, याहून मोठा पुरावा कुठला हवा? तरी परातीशी गेले की हात मागे येतो. पोरांचं उद्या काही कमीजास्त झालं तर? आणि मी नाही मळला, तर तुमचाही हात अशुभ होता असं मीच म्हटल्यासारखं होतं. दुसऱ्यांदा. तुम्हाला भीती वाटली होती का हो, तेव्हा पीठ मळताना? हे विचारायला मी कधी आलेच नाही.

सुनेने यीस्ट आणून ठेवलंय. परवा लग्न आहे. या पत्राला पत्ता नाही ते एक बरं आहे.

बोटं फार दुखतात, मळणं जमायचं नाही, असं सकाळी सांगून टाकलं. खरं वाटावं म्हणून बाम चोळून बसले आहे. बोटं काही दुखत नाहीत, बाई.