कॅबिनेट मजबूत पाहिजे

२ ऑक्टोबर २००४, शनिवार. सकाळी ७

गांधी जयंती. दिवस चांगला आहे. आजपासून कोणावर हात उचलणार नाही, घरातली वस्तूही फोडणार नाही.

मालन शीवला भावाकडे आहे. मनगटाला प्लास्टर. मी फक्त हात धरला होता. तिने ओढला नसता तर काहीच झालं नसतं, पण ती हट्टी. मेव्हणा चिंतामणी आज येऊन तिची अट सांगणार आहे. सांगू दे. बायकोच आहे, येईल.

संध्याकाळी ६

अट अशी: दसऱ्यापर्यंत मारझोड, तोडफोड बंद. मग ती येऊन बघेल. नाहीतर कायमची शीवला. वीस दिवस म्हणजे काय! आम्ही गिरणीचा संप दीड वर्ष ताणला होता.

जाताना चिंतामणीला जिन्यात धक्का लागला. चारच पायऱ्या. दिवस उद्यापासून मोजायचे.

३ ऑक्टोबर

उपाय सापडला! परळला आमच्या गिरणीच्या जागेवर आता गेम पार्लर आहे आणि मी तिथे वॉचमन. ड्युटी संपल्यावर मॅनेजरने अर्धा तास बंदुकीचा गेम खेळू दिला. एकतीस माणसं मारली. घरी आलो तो इतका शांत, की शेजारच्या रामदासचा रेडिओ चालू असूनही उठलो नाही. म्हणजे राग तिकडे काढला की इकडे उरत नाही. रागावर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला हे कसं सुचलं नाही?

घरी गेमिंग कॉम्प्युटर पाहिजे. भिशी लागलीच आहे. तयार घ्यायचा नाही, एकेक पार्ट निवडून स्वतः जोडायचा. साचेखात्यात जोडारी होतो मी. कापड विणणारा अख्खा साचा उतरवून परत चालू करायचो. याला स्क्रूच दहा-बारा. पितृपक्ष आहे, त्यामुळे खरेदी घटस्थापनेला. तोवर फक्त निवड.

५ ऑक्टोबर

लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने प्रोसेसर दाखवला. बिस्किटाएवढा. विचारलं, ही ताकद? तो हसला. हसायला नको होतं. कॉलर मी नुसती धरली होती, बटणं कच्ची होती.

उद्यापासून राग आला की शंभरपर्यंत आकडे म्हणायचे.

७ ऑक्टोबर

दुसरं दुकान. हा माणूस समजूतदार. म्हणाला, कुठला गेम खेळणार त्यावर पार्ट ठरतात. सांगितलं, मारामारीचे सगळे. म्हणाला, मग ग्राफिक्स कार्ड भारी घ्या, रक्त स्पष्ट दिसेल. कार्ड भारी तर करंट देणारा डबाही भारी. सगळं लिहून घेतलं.

गिऱ्हाइकांच्या रांगेत एकजण पुढे घुसला. अकरापर्यंत आकडे म्हटले.

९ ऑक्टोबर

कॅबिनेट निवडलं. बाकी पार्ट एकवेळ चुकतील, कॅबिनेट मजबूत पाहिजे. चार कॅबिनेटं मुठीने ठोकून पाहिली. तीन आत गेली. दुकानदार बोंबलायला लागला. असला माल ठेवता कशाला, म्हटलं. चौथं टिकलं. काळं, वरच्या बाजूला हवेसाठी जाळी. माझी मूठ सोलली, त्याला ओरखडाही नाही. असं पाहिजे.

मोडलेली कॅबिनेटं अटीत धरत नाही. ती घरातली नव्हती.

१४ ऑक्टोबर, घटस्थापना

सगळे पार्ट आणले. खोक्यांना हळदकुंकू वाहिलं.

१६ ऑक्टोबर

रॅम बसेना. हातोडीने हलकेच मारली. बसली, पण दोन तुकडे होऊन. रामदास दारातून म्हणाला, लहू, उलटी धरलीस रे ती. त्याच्यावर स्क्रूड्रायव्हर फेकला. चौकटीत घुसला. नेम पार गेलाय, प्रॅक्टिस पाहिजे.

हा रामदास संपात कामावर गेला होता. मी भर नाक्यावर त्याचं नाक फोडलं. बावीस वर्षं झाली, अजून मनात ठेवलंय. माणसाने जुनं विसरावं.

१७ ऑक्टोबर

रामदास टीव्ही दुरुस्त करतो, म्हणून त्यालाच बोलावलं. नवीन रॅम आणून तासाभरात मशीन चालू केलं. स्क्रू मी धरले. म्हणजे जोडलं मीच. तो सारखा माझ्या हाताकडे बघत होता. भित्रा.

२१ ऑक्टोबर

चार दिवसांत चारशे बारा मेले. घरात एकही नाही. मॉनिटरला दोन चापट्या, त्या प्रेमाच्या. चिंतामणीला फोन करून सांगितलं, उद्या घेऊन या, माणूस बदललाय.

२२ ऑक्टोबर, दसरा. दुपारी १

मालन चिंतामणीबरोबर आली. प्लास्टर अजून आहे. तिने मांडणी पाहिली, कप मोजले, आरसा पाहिला. सगळं जागच्या जागी. मग न सांगता चहा ठेवला. मला एकदम भरून आलं. जिंकलो म्हटलं.

गिरणीत दसऱ्याला चालू साच्याला झेंडूचा हार घालून त्याच्याच लोखंडावर नारळ फोडायचो. तसंच करायचं ठरवलं. मशीन चालू केलं, कॅबिनेटला हार घातला. मालन ताट घेऊन शेजारी उभी. मी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

ताट पडलं. मालन भिंतीला लागून खाली बसली होती, डोळे मिटून, प्लास्टरचा हात डोक्यावर.

अगं, नारळ आहे, म्हणालो. पण हात निघाला होता. नारळ फुटला, पाणी जाळीतून आत. चर्र आवाज, धूर, पडदा काळा.

मालन उठली, चपला घातल्या. मी म्हटलं, तुला थोडाच मारणार होतो? ती म्हणाली, नारळ होता ते कळलं हो. पण आधी हात वर जातो, मग कळतं.

चिंतामणी जिना उतरताना कठड्याला धरून उतरला.

२३ ऑक्टोबर

मदरबोर्ड गेला, कार्ड गेलं, रॅम गेली. रामदास दारातूनच बघून गेला.

अट मी मोडलेली नाही. मारलं कोणाला नाही. फोडला तो नारळ, तो धरत नाहीत. हे सांगायला शीवला तीनदा फोन केला. उचलत नाहीत.

तिने ठेवलेला चहा तसाच होता. कालचा. प्यायलो. घर फार मोठं वाटतंय, मला आवडत नाही.

हार काढून कॅबिनेट पुसलं, चारी बाजूंनी नीट पाहिलं. पोचासुद्धा नाही. निवड बरोबर होती.