आखूड केलेली नळी

सोम., १० नोव्हें.
ह्यांनी निवृत्तीनंतर जुनी व्हॅन घेऊन तिचं घर केलंय. दोन पलंग, ओटा, एसी. आता एसीसाठी जनरेटर. वारज्याच्या गॅरेजात बसवायला दिलाय. शनिवारी लेकीची मिठू, वय सहा, आमच्याबरोबर वाईला येणार. व्हॅनमध्येच झोपणार. जनरेटरचा विषारी वायू बंद गाडीत साठला तर माणूस झोपेतच जातो. वाससुद्धा येत नाही. ह्यांना सांगितलं.
"पेपर जरा कमी वाच."

बुध., १२
गॅरेजात गेले. ह्यांना आवडलं नाहीच. जनरेटर मागच्या पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीत. पेटीचं दार बाहेरून, तेवढं बरं. पण धुराची नळी? वाकून पाहिलं, तर गाडीच्या पोटाखालीच संपते. बाहेर का नाही काढली?
गॅरेजवाले सुर्वे हसले. "काकू, काढली होती. स्पीडब्रेकरला घासायला लागली. साहेबच म्हणाले, आखूड करा."
साहेब म्हणजे आमचेच.  घरी पोचल्यावर मला बोलले, भरपूर.

गुरु., १३
लेकीनं हिंजवडीहून अलार्म पाठवला, तो वायू ओळखणारा. त्याची प्लॅस्टिकची पिशवी फाडू न देता हळूच काढायला लावली ह्यांनी. गॅरेजात नेऊन मागच्या पलंगाशी लावला, गाडीची दारं बंद, जनरेटर चालू, आम्ही बाहेर. थोड्या वेळात आतून किंचाळायला लागला.
"चायनीज असेल," हे.
सुर्व्यांचा चेहरा मात्र उतरला. नळी लांब करतो, पेटीची गाडीत उघडणारी भोकं बुजवतो म्हणाले.

शुक्र., १४
नळी आता गाडीच्या बाजूने पार बाहेर, वर उचलून बांधलेली. स्वतः पाहिली. पुन्हा चाचणी. अलार्म गप्प. सुर्वे खूश. हे तर पेढे आणायच्या बेतात. मला काही पटेना. काचेतून डोकावले, तर अलार्मवर ती पिशवी! काल मीच काढलेली.
"धूळ बसते म्हणून घातली," हे.
आता काय म्हणावं? टीव्हीचा रिमोट घेतल्यापासून पिशवीतच आहे. सोफ्याचं प्लॅस्टिक लेकीच्या लग्नात निघालं, तेही व्याही येणार म्हणून. खरं बोलत असतील. किंवा काल तोंडावर पडले म्हणून मुद्दाम... इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ह्यांच्याकडे परक्यासारखं बघितलं. वाईट वाटलं फार.
पिशवी काढून पुन्हा चालवू म्हटलं, तर जनरेटर बंद पडला. पेट्रोल संपलं, म्हणे. आत्ताच बरं संपलं, गॅरेज बंद व्हायच्या वेळी!

शनि., १५, सकाळ
मिठू बॅग घेऊन हजर. लेक दारातच, "आई, नक्की ठीक आहे ना?"
"पिशवी काढून चाचणी राहिलीय," म्हटलं. वाई आज रद्द. मिठू रडतेय.
हे भडकले. "आज रात्री मी एकटा झोपतो मागच्या पलंगावर, जनरेटर लावून. मग तर झालं?"
खरंच झोपतील. खोटं बोलत असते तर असं म्हणाले नसते. म्हणजे पिशवी धुळीसाठीच होती, आज रात्रीही घालतील.
आता तर मला जास्तच भीती वाटतेय.