नमुन्याचा नंबर

सोमवार, ३ तारीख

दमले. माझे गुडघे बोलायला लागलेत आणि नात बोलायची बंद झालीय. जेवताना ताटात नुसती बोटं फिरवते. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं ॲप तिच्या गळ्यात पडलंय. नीट सुरू झालं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. विचारलं, करतेस काय गं एवढं? म्हणाली, "आजी, एक साचा असतो. त्यात पत्ते, नंबर, पासवर्ड यांच्या रिकाम्या जागा. ॲप जिथे चालणार तिथून त्या आपोआप भरायच्या, मग तपासायच्या. एक जरी रिकामी राहिली तरी ॲप सुरूच होऊ द्यायचं नाही." मी चौथी शिकलेली, पण एवढं कळलं. आमच्या धाकट्या जाऊबाई अशाच — घर आवरून होईस्तोवर दार उघडायच्या नाहीत. पाहुणे बाहेर उभे.

मंगळवार, ४

सुरू झालं. नात दुपारी येऊन झोपली, चपला पायातच.

बुधवार, ५

आज फोनच फोन. एरवी मला कोण विचारतंय! एक बाई म्हणाल्या, मशीनमधून पाणी येतंय, मदतीचा नंबर ना हा? म्हटलं, आधी नळ बंद करा. "माणूस कधी येणार?" येईल हो. एक आजोबा तर मशीन सोडून सुनेवरच घसरले. घसा बसला, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू. नात उशिरा आली, सांगायचं राहिलंच.

गुरुवार, ६

पाणीवाल्या बाई रडवेल्या. माणूस आलाच नाही. त्यांनाही थांबा म्हटलं.

संध्याकाळी नातीला कौतुकानं सांगितलं, तर तिनं माझा फोन ओढून घेऊन आलेले नंबर बघितले. साच्यात नमुना म्हणून तिनं माझा नंबर घातला होता. कंपनीचा खरा नंबर भरायचा राहिला, मग नमुनाच पुढे गेला. तपासणीनं आकडे मोजले — दहा. पास! "आजी, राँग नंबर म्हणाली असतीस तर तासाभरात कळलं असतं गं." खरंय. ऑफिसात तक्रार जाणार कुठून? मी सगळ्यांना गोड बोलून बसवून ठेवलं.

जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ७

नमुना काढला. आता जागा रिकामी राहिली तर ॲप अडून बसणार. साहेबांनी विचारलं म्हणे, लोकांचे फोन घेतले कुणी? ही म्हणाली, माहीत नाही. माझ्यासाठी खोटं बोलली. सोमवारी हिला कामावर ठेवायचं की काढायचं ते ठरणार.

शनिवार, ८

सकाळी फोन. "कोण बोलतंय?" तिचे साहेब, ॲपात होता तो नंबर लावून बघत होते. म्हटलं, तिची आजी. फोन घेतले ते मी. त्या पाणीवाल्या बाईंकडे आधी माणूस पाठवा. बाकी कुणाकुणाचं काय बिघडलंय तेही सांगते — पण लिहून घ्यायला माझी नातच हवी, तुमच्या ऑफिसात बसून.

 मग म्हणाले, "सोमवारी पाठवा तिला."