इरासाठी खोली

निलंगा, वैशाखातली दुपार
(पंखा गरम हवाच फेकून राहिलाय; घामानं शाई फुटली तर माफी असावी.)

सौ. सिंधुताई,

विहीणबाईंना अनंतरावाचा सादर नमस्कार. पाचगणीत सगळ्यांच्या तबियती ठणठणीत असतील. तिकडं संध्याकाळी शाल लागते, असं अनयराव फोनवर म्हणाले (जावई आहेत, म्हणून ऐकून घेतलं). आमच्या इराला सातवा लागला, तुम्ही तिला जपता, बरं वाटतं. पहिलं बाळंतपण माहेरीच, तेव्हा इकडं सगळा इंतजाम झालाय. काळजी नसावी.

तिच्यासाठीच्या खोलीच्या पत्र्यावर पांढरा रंग दिला, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, नवा कूलर आणला. पण सौदामिनीला खातरजमा हवी. (आयुष्यात तिनं खातरजमा केली नाही ती फक्त लग्नाआधी माझी.) तिनं भरदुपारी माझ्या पोटाला ज्वारीचं गाठोडं बांधलं आणि म्हणाली, निजा त्या खोलीत, पोटुशी बाईला सोसतं का कळू द्या. निजलो. काय करता? जरा वेळानं लाईट गेली, कूलर बंद पडला, पत्रा तापला. उठावं तर गाठोडं उठू देईना, हाक मारावी तर घशातून आवाज फुटेना. शेजारच्या धोंडाबाई ताक घेऊन आल्या. मला तशा अवतारात बेशुद्ध पाहून त्यांनी आधी बोंब ठोकली, मग ताक माझ्याच डोक्यावर ओतलं. दवाखान्यात गाठोडं सोडता सोडता नर्सबाई हसून बेजार झाल्या (लई फजिती झाली हो!).

डॉक्टर मात्र हसले नाहीत. उष्माघात म्हणाले. खोली कोणासाठी ते ऐकल्यावर म्हणाले, "काका, या उन्हाचा पोटातल्या लेकरालाही त्रास होतो. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या बाया येऊन राहिल्यात माझ्याकडं." आमच्या काळी ऊन नव्हतं का, असं म्हणणार होतो. पण तेव्हा रात्री तरी गार असायच्या. आता भिंती पहाटेपर्यंत तापलेल्या असतात.

तेव्हापासून सौदामिनी त्या खोलीकडं बघत नाही. डिंकाचे लाडू तेवढे वळून राहिलीय. थकलो बघा, सिंधुताई.

तिकडच्या थोरामोठ्यांना नमस्कार.

आपला,
सलाईनमधून सुटलेला
अनंतराव

ता.क. इराला पाठवू नका. बाळंतपण तिथंच होऊ द्या. माहेरच्यांनी अंग काढून घेतलं असं लोक म्हणतील, म्हणू द्या. लाडू घेऊन सौदामिनी येईल.

आणखी एक. मी कळवलं असं इराला म्हणू नका, तुम्हीच अडवलं म्हणा. ती तुमच्यावर चिडेल, रडेल, तेवढं सोसा. काल तिनं फोनवर विचारलं, "बाबा, येऊ ना?" मला नको म्हणता आलं नाही. "ये बाई, वाट बघून राहिलो," म्हणालो.